बुजवलेली खिडकी

आप्पा, तुम्ही केलेलं विमान मी सुधारलं, ही गोष्ट मी वीस वर्षं लोकांना कौतुकानं सांगत आले. घरी कुणी आलं की शोकेसकडं बोट दाखवायचं, वडिलांनी केलंय म्हणायचं, आणि पाहुण्यांनी हातात घेऊन वाहवा केली की हळूच पुढं जोडायचं, पण फिनिशिंग माझं बरं का. तुम्ही समोर बसलेले असताना सांगितलं आणि तुम्ही गेल्यावरही सांगितलं. कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर मी सगळ्यात आधी काय नेलं असेल, तर ते विमान. घराची कागदपत्रं मागाहून नेली. आता तेच विमान समोर ठेवून बसले आहे आणि त्याच्याकडं धड बघवत नाही. दुपारची वेळ आहे, घरात कुणी नाही, कूकर होऊन पडलाय. काल कोरेगावहून फोन आला, त्यानंतर मला जेवणच जात नाहीये. तो फोन कसला, ते सांगेन. पण त्याच्या आधीचं बरंच काही आहे आणि ते तुमच्याशी मी कधीच बोलले नाही.

तुम्ही मुंबईला विमानाच्या हँगरमध्ये पत्र्याच्या कामाला होतात. मी, आई आणि धाकटा भाऊ गावी मलकापुरात. वर्षातून दोनदा तुम्ही यायचात, हाताला ॲल्युमिनियमचा तो करडा रंग घेऊन, जो साबणानं जात नसे. चौथीत असताना मी वर्गात छातीठोकपणे सांगून टाकलं होतं की माझे वडील पायलट आहेत. मग दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्ही मला न्यायला शाळेत आलात आणि बाईंनी मोठ्या उत्साहानं तुम्हाला खुर्ची दिली, विमान चालवताना भीती वाटत नाही का म्हणून विचारलं. तुम्ही टोपी हातात घेऊन उभेच. म्हणालात, "न्हाई बाई, मी कुटला चालवतोय. मी टिनस्मिथ हाय. विमानास्नी ठिगळं लावतो." वर्ग फिदीफिदी हसला. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी एक अक्षर बोलले नाही. तुम्हाला वाटलं, पोरगी भुकेली आहे, म्हणून स्टँडवर मला भजी खायला घातलीत. राग तेवढ्यानं गेला असेल, पण 'ठिगळं' हा शब्द माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. तुमचं काम म्हणजे ओबडधोबड, कसंतरी भागवलेलं, असं मी तेव्हापासून धरून चालले.

पुढं ती जुनी डकोटा विमानं बंद झाली, तुम्हीही नोकरी सोडून गावी आलात आणि हायवेला लागून पत्र्याचं दुकान टाकलंत. ट्रंका, धान्याच्या कोठ्या, नरसाळी. गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाला की रस आटवायच्या काहिली दुरुस्तीला येत. एक दिवस मी शाळेतून परस्पर दुकानात आले, आठवी-नववीत असेन. तुम्ही चहाला गेला होतात. दारात एक कोठी तयार होऊन उभी होती आणि तिच्या झाकणाची कड एका बाजूला चांगली बोटभर बाहेर वाकलेली. मला वाकडं बघवायचं नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लाकडी हातोडा घेतला आणि ठोकून ठोकून कड सरळ केली. स्वतःवर खूश होऊन बसून राहिले. तुम्ही आलात, कोठीकडं बघितलंत आणि माझ्या हातातला हातोडा काढून घेतलात. आवाज चढवला नाहीत, पण कानशिलं तापावीत असं बोललात. "वाकडं दिसलं की हाणायचं व्हय? कुणी वाकवलं, कशापायी वाकवलं, इचारलंस कुणाला?" ती कोठी ज्या म्हातारीची होती तिचा एक हात लुळा होता. झाकण एका हातानं उचलता यावं म्हणून तुम्ही कडेला बोटं शिरतील एवढी जागा केली होती. मग तुम्ही मला हँगरातली रीत सांगितलीत. दुसऱ्यानं केलेल्या कामात काही वेगळं दिसलं तर त्याला हात लावायचा नाही. खडूनं भोवती गोल काढायचा, ज्यानं केलं त्याला बोलवायचं आणि विचारायचं. तो सांगेल तेव्हा पुढचं. "त्यो सुट्टीवर आसला तर वाट बगायची. विमान हुबं ऱ्हाईना का दोन दिस." मी मान डोलावली. त्या वयात माणूस सुटका व्हावी म्हणून मान डोलावतो.

आणि पुढं मी झाले चित्रकलेची शिक्षिका. सांगलीच्या शाळेत तीस वर्षं दुसऱ्याचं वाकडं सरळ करण्याचाच मला पगार मिळाला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या मागं मी हातात खोडरबर घेऊन उभी असायची. कुणाचा तांब्या कलला, कुणाची सावली चुकली, की मुलाला बाजूला सारून मीच पेन्सिल फिरवायची. माझ्या मुलांना ग्रेड चांगल्या मिळायच्या, त्यामुळं मला कुणी काही म्हटलं नाही. एका मुलीनं एकदा म्हटलं होतं, "बाई, आमच्या घरचा तांब्या कललेलाच आहे." तिला मी उलट उत्तर देते म्हणून बाकावर उभं केलं. तिची आठवण मला गेल्या वर्षभरात फार येते.

गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरायला लागले तेव्हा दुकान बंद करून तुम्ही आणि आई माझ्याकडं सांगलीला आलात. भाऊ तेव्हा फौजेतून शांतिसेनेत परदेशी गेला होता. तो सुट्टीवर येताना तुमच्यासाठी एक खोकं घेऊन आला. खोक्यावर निळ्या आभाळात उडणाऱ्या डकोटाचं चित्र आणि आत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले शेदीडशे बारीक तुकडे. तुम्ही ते खोकं मांडीवर घेऊन किती वेळ नुसते बसला होतात. मग चित्रावरून बोट फिरवत म्हणालात, "ह्यो बरुबर हाय. पर ह्यो कारखान्यातनं निगाल्याला हाय." मी हसले. खेळण्यातलं विमान कारखान्यातूनच निघणार, असं काहीतरी बोलले.

तो सगळा हिवाळा स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी तुमचा पाट मांडलेला असायचा, कारण उजेड तिथं चांगला. आई भाकरी थापतेय आणि शेजारी तुम्ही नखं कापायच्या कटरनं प्लॅस्टिकचे तुकडे सोडवताय, हे मला आता या क्षणी दिसतं आहे. पिठाचा कण उडून पंखावर बसतो, तुम्ही फुंकर मारता, आई म्हणते, "आवं, फुंका बाजूला मारा, माज्या भाकरीवर थुकी उडतीया." तुम्ही गालात हसता. तुमच्या हाताला कंप होता. डिंकाचा थेंब बरोबर जागी पडावा म्हणून तुम्ही उजवं मनगट डाव्या हातानं धरायचात. मोतीबिंदू पिकायला आलेला, त्यामुळं तुकडा डोळ्याजवळ नेऊन, पुन्हा लांब धरून बघायचात. मी शाळेतून आले की एक नजर टाकायची. मला काय दिसायचं ते सांगते. उजव्या बाजूला सात खिडक्या, त्यातली चौथी तुम्ही लांबी भरून बंद करून टाकली होती, गाडीच्या पेंटरकडून आणलेली ती करडी लांबी. शेपटीकडच्या चाकाच्या जरा पुढं, पोटाखाली, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कापून तिचा एक तुकडा चिकटवला होता आणि आईच्या सुईनं त्याच्या कडेनं टोचे मारले होते. आणि सगळं विमान रुपेरी, पण डाव्या इंजिनाभोवतीचं गोल झाकण तेवढं फिकट निळं. मला वाटलं, रुपेरी रंग संपला. मला वाटलं, खिडकीत डिंक सांडला असेल म्हणून बुजवली. मला वाटलं, पोटाला भोक पडलं असेल म्हणून ठिगळ. बघा, शब्द तोच.

शेवटच्या दिवशी तुम्ही विमान पाटावर ठेवलंत, लांब जाऊन बघितलंत आणि म्हणालात, "झालं. आता बरुबर तसंच झालं." तसंच म्हणजे कसं, एवढं विचारायला मी नुसतं तोंड उघडायचं होतं, पण मला वह्या तपासायच्या होत्या. मी "छान, छान" म्हणून आत गेले.

मग आत्याच्या गावची जत्रा आली आणि तुम्ही पंधरा दिवस जतकडं गेलात. मला सुट्टी होती. माझे हात शिवशिवायला लागले होते आणि मनात खरंच प्रेम होतं आप्पा, हे तेवढं खरं माना. तुम्ही याल आणि चकित व्हाल, असंच माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी खोक्यावरचं चित्र भिंतीला टाचून ठेवलं आणि त्याबरहुकूम कामाला लागले. आई म्हणाली, "त्येस्नी इचारून कर गं, त्येंचं काम हाय." मी म्हटलं, विचारलं तर मजा काय राहिली. झिरो नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून पोटाखालची ती चांदी घासली, दहा मिनिटांत ती गेली. चौथी खिडकी बारीक ड्रिलनं उघडली, कानशीनं चौकोनी केली आणि सातही खिडक्यांना पारदर्शक कागदाच्या काचा लावल्या. डावं झाकण उजव्यासारखं रुपेरी केलं. पंख्यांची पाती जाड होती, ती घासून पातळ केली. कर्कटकाच्या टोकानं पत्र्याच्या जोडांच्या रेघा ओढल्या, एकीसारखी एक. खिडक्यांखालून लाल पट्टा. काम सुरेख झालं होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या हातून इतकं स्वच्छ काम त्याआधी झालं नव्हतं.

तुम्ही आलात त्या दिवशी नेमक्या आमच्या मुख्याध्यापिका आणि शाळेतल्या तिघी चहाला आल्या होत्या. मी मुद्दामच बोलावलं होतं. तुम्ही हातपाय धुऊन बाहेर आलात आणि मी सगळ्यांसमोर विमान तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते डोळ्याजवळ नेलंत, मग लांब धरलंत. मग अंगठा उजव्या बाजूनं खिडक्यांवरून नेलात, एक, दोन, तीन, आणि थांबलात. उलटं करून पोटावरून बोट फिरवलंत. मी तोवर पाहुण्यांना सांगत होते, आप्पांनी मेहनत फार घेतली हो, पण डोळ्यांनी दिसत नाही ना, चुका किती राहिल्या होत्या, एक खिडकी तर चक्क बुजवूनच टाकलेली! सगळ्या हसल्या. मायेनंच हसल्या, पण हसल्या. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "व्हय. दिसत न्हवतं मला." आणि मग माझ्याकडं बघून, "चांगलं केलंस." एवढंच. मला भरून आलं. तुम्हालाही भरून आलंय, बोलवत नाहीये, असं मी धरलं. पाहुण्या गेल्यावर मी कपबशा विसळत होते, तुम्ही मोरीच्या दारात येऊन उभे राहिलात. "पोटाखालची चांदी व्हती, ती कुटं टाकलीस गं?" मी म्हटलं, "घासून गेली, कण होते ते केरात गेले. का?" तुम्ही म्हणालात, "आसंच. बरं."

त्यानंतर तुम्ही त्या विमानाला हात लावला नाहीत. भावानं दुसरं खोकं पाठवू का विचारलं, तर नको म्हणालात, आता हात चालत न्हाई. मोतीबिंदू काढल्यावर स्वच्छ दिसायला लागलं तरी शोकेसपाशी जाऊन बघितलं नाहीत. मला ते खटकायला हवं होतं. पुढं दोन वर्षांनी तुम्ही गेलात, मग काही वर्षांनी आई गेली, आणि माझं 'फिनिशिंग माझं' चालूच.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता कोरेगावचे काका आले. तुमच्याबरोबर हँगरात एकाच टेबलाला असायचे ते. त्यांचं वय आता नव्वदीकडं झुकलंय. सुनेबरोबर मिरजेला डॉक्टरकडं आले होते, पत्ता शोधत शोधत घरी आले. बसतात न बसतात तोच शोकेसकडं नजर गेली. "आरं! आपली काणी!" म्हणून उठलेच. मला काही कळेना. सुनेनं धरून त्यांना कपाटापाशी नेलं, मी विमान हातात दिलं. आप्पा, त्यांनी अगदी तुम्ही केलंत तेच केलं. उजव्या बाजूनं अंगठा नेला, एक, दोन, तीन, आणि तिथं थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. उलटं केलं आणि पोटावरून बोट फिरवत राहिले, गुळगुळीत प्लॅस्टिकवर काहीतरी सापडेल म्हणून. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ह्ये त्येचं न्हवं."

आणि मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. त्या एका डकोटाची खिडकी कुठल्याशा कच्च्या धावपट्टीवर दगड उडून फुटली होती. तसली काच मिळेना. तुम्ही पत्रा कापून ती जागा बंद केलीत, काच येईपर्यंत म्हणून, आणि काच काही आलीच नाही. ते विमान तसंच उडत राहिलं. एक डोळा बंद, म्हणून तुम्ही लोक त्याला काणी म्हणायचात. पोटाखालचा तुकडा, तिथं विमान ओढायचा ट्रॅक्टर मागं घेताना धडकला होता. तुम्ही दोन दिवस पाठीवर झोपून, कडेनं रिव्हेट ठोकून तो बसवलात. निळं झाकण मोडीत निघालेल्या दुसऱ्या विमानाचं. वरच्या साहेबांनी रंग द्यायला सांगितलं तर तुम्ही म्हणाला होतात, राहू दे, ते बिचारं गेलं, त्याची एवढी तरी खूण राहू दे. "तिन्ही कामं त्येचीच. आमच्या कामावर नाव न्हाई पोरी. पायलटचं नाव ऱ्हातंय, आमचं कुटं? पर काणी उतरली की आमी चौथी खिडकी बगायचो. हाय का न्हाई? हाय! म्हंजी आपलं काम वर जाऊन माघारी आलं." तुम्ही त्यांना तेव्हा पत्र लिहिलं होतंत म्हणे, की पोरानं खोकं आणलंय, त्यात मी आपली काणी बनवली, खिडकीसकट, ठिगळासकट, कवा आलास तर बघून जा. ते यायला वीस वर्षं लागली.

काका बोलत होते आणि माझ्या कानात मोरीच्या दारातला तुमचा आवाज. ती चांदी कुटं टाकलीस गं. मी आख्खा जन्म तुमच्या कामाला ठिगळं समजले, आणि तुम्ही तुमचं त्या विमानांवरचं सगळं आयुष्य तळहाताएवढ्या जागेत मांडलंत, तर ते मी पॉलिश पेपरनं पुसून टाकलं. वर चार बायकांसमोर तुम्हाला आंधळं ठरवलं. आणि तुम्ही माझी बाजू घेतलीत. दिसत न्हवतं मला, म्हणालात. ज्या माणसानं एका कोठीच्या कडेवरून मला सुनावलं होतं, त्यानं यावेळी एक शब्द काढला नाही. सुनावायचं होतंत आप्पा. मी रडले असते, भांडले असते, पण तुम्ही पुन्हा केलं असतंत, किंवा मला सांगून माझ्याकडून करवून घेतलं असतंत. आपल्याला दोन वर्षं मिळाली होती. ती दोन वर्षं मी शोकेसची काच पुसत राहिले.

काकांना मी खरं सांगितलं नाही. म्हटलं, "हे मी केलेलं आहे काका. आप्पांचं आहे ते भावाकडं दिल्लीला आहे." त्यांचा चेहरा उजळला. "आसं म्हन की! मंग त्येचा फोटू मागव. मेल्यावर काय बगनार हाय मी?" सुनेनं माझा नंबर घेतला. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, महिन्यानं फोन. आला का गं फोटू? भाऊ सुट्टीवर आहे, भाऊ आजारी आहे, असं मी सांगत गेले. भाऊ ठणठणीत आहे, तो पुण्यात राहतो आणि त्याला यातलं काही ठाऊक नाही.

शेवटी मी तेच खोकं पुन्हा मागवलं. आता इंटरनेटवर सगळं मिळतं. चार महिने लागले. चौथी खिडकी बुजवताना चूक व्हायची नव्हती, कारण ती मी माझ्या हातानं उघडली होती, हाताला जागा पाठ आहे. निळा रंग साधारण जमला. पोटाखालचा तुकडा मात्र काही केल्या आठवेना. तो केवढा होता? चौकोनी होता की कोपरे गोल केले होते? सुईचे टोचे एका ओळीत होते की दोन? मी तो माझ्या बोटांनी घासला आणि घासताना बघितलासुद्धा नाही. काकांना फोन करून आडून आडून विचारलं, ते म्हणाले, आसंल की हाताएवढं, आता काय ध्यानात ऱ्हातंय. मग मी अंदाजानं कापला. गोळ्यांचीच चांदी घेतली. आता माझ्याही घरात तसल्या पाकिटांना तोटा नाही. बावीस टोचे मारले. बावीसच का, तर तेवढे मावले म्हणून.

एवढं करून विमान समोर ठेवलं, तर ते फार स्वच्छ दिसायला लागलं. बघताक्षणी माझं वाटेल असं. तेव्हा मी काय केलं माहीत आहे? लांबीचा थर मुद्दाम जरा वर-खाली केला. दोन टोचे ओळीतून हलवले, बाकीचे जरा तिरके केले. पंखाच्या जोडाशी डिंकाचा थेंब ओघळू दिला. तुमच्या हाताचा कंप मी ठरवून, मनगट न धरता, त्यात उमटवला. तीस वर्षं मुलांच्या चित्रातला असला कंप मी खोडत आले. आणि ते करताना मला तुमचा उजवा हात जसा दिसला तसा तुम्ही जिवंत असताना कधी दिसला नव्हता. अंगठ्याच्या बाजूला तो कापल्याचा जुना वण होता. त्यामुळं बोट जरा तिरपं टेकायचं, आणि म्हणून तुमचे टोचे एका अंगाला झुकलेले असायचे. असायचे ना? का हेही मी आता माझ्या सोयीनं लावून घेते आहे? विचारायचं कुणाला.

परवा मी त्याचे फोटो काढले आणि काकांच्या सुनेला पाठवले. खाली लिहिलं, आप्पांचं विमान. काल दुपारी फोन आला. काका इतके मोठ्यानं बोलत होते की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "बगितली! काणी बगितली! आगं त्येचाच हात. रिबिटा बग की कशा मारल्यात, आमच्यात त्येच्यासारख्या तिरक्या रिबिटा कुनाच्याच न्हवत्या. साहेब लोक वरडायचे, पर एक रिबिट कवा निगाली न्हाई त्येची!" मग त्यांना हुंदका आला, सुनेनं फोन घेतला, म्हणाली, ताई, बाबा फार खूश आहेत, फोटो मोठा करून भिंतीला लावणार आहोत. मी म्हटलं, लावा की.

तेव्हापासून दोन्ही विमानं समोरासमोर ठेवून बसले आहे. एक मी पुसलेलं आहे आणि दुसरं मी बनवलेलं. तुमचं एकही नाही. काकांना खरं सांगायचं, असं काल संध्याकाळपासून चारदा ठरवलं आणि चारदा फोन खाली ठेवला. सांगितलं तर म्हाताऱ्याच्या भिंतीवरचं विमान जाणार. नाही सांगितलं तर तुमच्या नावावर माझं काम कायमचं खपणार. भावाला तरी सांगेन, तो रागावेल, रागावू दे.

माफी मागायला म्हणून हे लिहायला बसले होते. पण एक गोष्ट लपवून मागितलेली माफी तुम्ही परत केली असतीत, म्हणून तीही लिहिते. काल काका फोनवर म्हणाले, त्येचाच हात, तेव्हा मी "हो काका, आप्पांचाच" म्हणाले, आणि त्या क्षणी मला लाज वाटली नाही. लाज मागाहून आली. आधी मला आनंद झाला. जमलं, असं वाटलं.